मदत हवी आहे: साधे रडणे की निळे पडण्याचा झटका?

आमच्या सात आठवड्यांच्या मुलीला टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयदोष असल्याचे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) निश्चित झाले असून शस्त्रक्रिया काही महिन्यांनी करण्याचे ठरले आहे. झटके टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुरू आहे, वजनही वाढते आहे. झटका आल्यास, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन अचानक खूप कमी होऊन ती निळी पडल्यास, तिचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे आणि तातडीने रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांनी शिकवले आहे. एकदा तसे करावेही लागले. अडचण त्याआधीच्या क्षणांची आहे: ती रडू लागली की पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरचे (रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे हालचालीमुळे विश्वासार्ह राहत नाहीत, आणि ओठ तर साध्या रडण्यानेही थोडे निळसर होतातच. उपचारांविषयी सल्ला नको, तो डॉक्टरांकडूनच घेऊ. मात्र हा प्रतीक्षेचा काळ ज्यांनी घरी काढला, त्यांना झटका सुरू होत असल्याचे सर्वप्रथम कशावरून कळत असे: श्वासाची गती, रडण्याचा बदललेला आवाज, की आणखी काही?