पगाराची यादी वेबसाइटवर आहे, पण तफावत कळत नाही. नेमके काय मागावे?

कुर्ला_पूर्व:
मुंबईतल्या एका सार्वजनिक कार्यालयात कायम लिपिक-टंकलेखक आणि एजन्सीमार्फत घेतलेले डेटा एंट्री ऑपरेटर शेजारी बसून तेच काम करतात. वेबसाइटवरच्या पगाराच्या यादीत नाव, पदनाम आणि 'एकूण' एवढेच रकाने आहेत. ऑपरेटर तर यादीतच नाहीत. संघटना निवेदन देणार आहे. कोणती माहिती मागितली तर तुलना टिकेल?

आस्थापना_टेबल:
'एकूण'वरून तुलना केलीत तर निवेदन पहिल्याच बैठकीत आडवे होईल. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात लिपिक-टंकलेखक एस-६ मध्ये येतो, सुरुवातीचे मूळ वेतन १९,९००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १०,९४५ आणि मुंबईचे घरभाडे ३० टक्क्यांनी ५,९७०. झाले ३६,८१५, वाहतूक भत्ता वेगळा. तोच लिपिक शासकीय निवासस्थानात राहत असेल तर घरभाडे भत्ता बंद, म्हणून यादीत तो सहा हजारांनी 'गरीब' दिसतो. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळाले आहे हे कुठेच दिसत नाही! थकबाकीचा हप्ता पडलेल्या महिन्यात घोळ उलटा.

आणखी एक गोष्ट. आश्वासित प्रगती योजनेत १०, २०, ३० वर्षांच्या टप्प्यांवर पदोन्नती नसतानाही वरचा वेतनस्तर मिळतो. त्यामुळे एकाच पदनामाचे दोघे वेगळ्या स्तरांवर असणे ही चूक नव्हे. म्हणून पदनाम, वेतनस्तर, मूळ वेतन, आश्वासित प्रगतीचा कितवा लाभ, प्रत्येक भत्ता आणि थकबाकी यांचे स्वतंत्र रकाने मागा. कपाती मागू नका. पतपेढीचा हप्ता हा ज्याचा त्याचा खासगी मामला. आणि यादी एक्सेलमध्ये हवी. स्कॅन केलेल्या तिरक्या पानांवर बेरीज होत नाही.

चलन_तपासा:
खरी मेख एजन्सीच्या बिलात आहे. कार्यादेशातील दरमाणशी दर आणि ऑपरेटरच्या खात्यात पडणारी रक्कम शेजारी मांडा. मधला सगळा फरक लबाडी नसतो: नियोक्त्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा ३.२५ टक्के (वेतन २१,००० पर्यंत असेल तर), सेवाशुल्क, लागू असल्यास जीएसटी. लबाडी होते ती अशी, की नियोक्त्याचा हिस्साही कामगाराच्याच वेतनातून कापला जातो, किंवा हजेरीपटावर २६ दिवस आणि पीएफ भरल्याच्या चलनात १५. बिल, हजेरीपट, पीएफ चलन आणि यूएएन (पीएफ खाते क्रमांक) पासबुक एकाच महिन्याचे घेऊन जुळवा. एजन्सीने वेतन थकवले तर मूळ नियोक्त्यालाही, म्हणजे कार्यालयालाही, हात झटकता येत नाहीत.

'समान कामाला समान वेतन' मागताना जपून. जगजित सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीचे किमान वेतन मान्य केले, पण काम आणि जबाबदारी समान असल्याचे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर ठेवला. कार्यालयाने थेट नेमलेला कंत्राटी आणि एजन्सीचा माणूस यांची बाजूही सारखी नाही, दुसऱ्याची लंगडी पडते. त्यामुळे कामवाटपाचे आदेश आणि ऑपरेटरच्या लॉगिनवर झालेल्या नोंदी आधी गोळा करा.

कुर्ला_पूर्व:
हे सगळे माहिती अधिकाराच्या एकाच अर्जात मागता येईल का?

दहा_रुपयांचा_स्टॅम्प:
नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय, साधारण १५० शब्द. मासिक वेतन कलम ४(१)(ख)(दहा) खाली आपणहून जाहीर करायचेच असते, तेव्हा पहिल्या अर्जात तेवढाच आधार द्या. दुसरा अर्ज एजन्सीच्या कार्यादेशाचा, बिलांचा आणि चलनांचा. तिसरा आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे. रिक्त जागांवरच ऑपरेटर बसवलेत का, ते यातूनच उघड होते. नावानिशी पगारपत्रके मागितलीत तर ८(१)(ञ), म्हणजे खासगी माहितीची सूट दाखवून अर्ज फेटाळतील, म्हणून 'पदनिहाय' लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याला फाटा देऊन थेट माहिती आयोगाकडे गेलात, तर प्रकरण तिथून परत येईल.