पहिली-दुसरीच्या पोरांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

माणदेशातली आई (२८ सप्टेंबर २०२१)

शुक्रवारी सरकारनं जाहीर केलं, कोरोनामुळं बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबरपासून सुरू. खेड्यात पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. ऐकून बरं वाटलं आणि लगेच पोटात कालवलं, कारण आमचा धाकटा दुसरीत आहे आणि पहिली ते चौथीचं त्यात नावच नाय.

जून २०२० ला त्याचं नाव पहिलीत घातलं. दप्तर आणलं, पाटी आणली. सव्वा वर्ष झालं, पोरगं एक दिवस वर्गात बसलेलं नाय. आटपाडी तालुक्यातली वस्तीवरची झेडपीची शाळा आमची, चौथीपर्यंत, पट १७, गुरुजी दोन. मालक सकाळी सातला डाळिंबाच्या गाडीवर जातात, घरातला एकच मोठा फोन त्यांच्या खिशात, रात्री आठला येतात तवा रेंज असली तर नेट संपलेलं आणि नेट असलं तर पोरगं झोपलेलं. टीव्हीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तो हौसेनं बघायचा, पण टीव्हीला काय विचारता येतंय का?

मला कधी कळलं ते सांगते. परवा म्हटलं कविता वाच. बोट ठेवून घडाघडा म्हणाला. मी सहज वाकून बघितलं तर तोंडात चौथी ओळ आणि बोट दुसरीवर. मधला एक शब्द दाखवला, हे काय लिहिलंय रे, तर गप्प. सगळं पाठ आहे, वाचता येत नाय. मी दहावी झालेली, घरी बसवते त्याला, पण खुरपायला गेल्याशिवाय भागत नाय आणि आईनं शिकवणं वेगळं, गुरुजींनी शिकवणं वेगळं.

बाजार भरतोय, लग्नं लागतायत, हॉटेलं उघडली, देवळं पण ७ ऑक्टोबरला उघडणार. मग १७ पोरांची शाळाच तेवढी धोक्याची कशी? दोन खोल्या आहेत, पुढं मोकळं मैदान आहे, झाडाखाली बसली तरी चालतंय. माझं म्हणणं एवढंच की जिथं पट कमी आहे तिथं पहिली-दुसरी आधी उघडा. मोठी पोरं फोनवर थोडंफार रेटून नेतात, अक्षरओळख फोनवर होत नाय.

मिरजकर

ताई, तुमचं कळतंय, पण माझंही ऐका. एप्रिलमध्ये माझा मोठा भाऊ गेला, वय ४४. मिरज-सांगलीत तीन दवाखाने फिरलो, बेड मिळाला तोवर ऑक्सिजन ७० वर आला होता. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून माणसं इथं येतात बरी व्हायला, आणि तिथं राहणाऱ्या आमची ही गत. आता घरात वहिनी, त्यांची दोन मुलं, माझी एक मुलगी आणि शुगर असलेली ७१ वर्षांची आई. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दहा मिनिटं मास्क ठेवत नाही तोंडावर. वर्गात पोरं एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पितात, डबा वाटून खातात, त्यांना काय दोष देणार, वयच ते.

आणि आपण विसरलो का, बाकी महाराष्ट्रात लाट जूनमध्ये ओसरली पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुलै संपला तरी आकडे खाली येत नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला ज्या ११ जिल्ह्यांचे निर्बंध तसेच ठेवले त्यात सांगली पण होतं, सातारा पण होतं. दोन महिने पण नाही झाले त्याला. लहान मुलांना लस कुठंय? झायकोव-डीला परवानगी मिळाली ती बारा वर्षांपुढच्यांना, आणि तीही अजून कुणाला टोचलेली नाही. वाया गेलेलं वर्ष भरून काढता येतं, गेलेलं माणूस नाही येत.

पाटण खोऱ्यातली बाई

मी झेडपीची शिक्षिका, डोंगरातली शाळा. मिरजकर दादा, तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं, तरीपण मी ताईंच्या बाजूनं आहे.

मे २०२० मध्ये मुंबईहून माथाडी कामगार गावी आले तेव्हा आमच्या शाळेतच त्यांना १४ दिवस ठेवलं होतं, बाकं व्हरांड्यात काढून. तेव्हापासून शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आजार येतो तो अजून गेला नाही. मग 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोज अभ्यासमालेची लिंक यायची, मी ती पालकांच्या ग्रुपवर टाकायची, आणि उघडून बघणारे चार-पाच. बाकीच्यांना रेंजसाठी टेकाडावर जायला लागतं, सातवीतला पोरगा जाईल, सहा वर्षांचं लेकरू पावसात कोण पाठवणार? शेवटी आम्ही दूध डेअरीच्या ओट्यावर चार-चार मुलं बसवून शिकवायला लागलो, तेही महिन्यातले कितीतरी दिवस सर्व्हे आणि कोविड ड्युटीत गेले. कागदावर शाळा बंद, पण मुलं दिवसभर एकत्रच असतात. शाळेत मी मास्क लाव म्हणून सांगू तरी शकते, ओढ्यावर कोण सांगणार?

आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, चौथा सिरो सर्व्हे (रक्त तपासून किती जणांना कोरोना होऊन गेला ते बघतात तो) जून-जुलैमध्ये झाला, त्यात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांत अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे शाळा बंद असताना निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत हा विषाणू पोचला होता. तेव्हाच आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव म्हणाले की उघडायच्या झाल्या तर आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात. आपण बरोब्बर उलटं केलं, वरून खाली उघडत आलो.

अजून एक. जुलैच्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या, माणसं गाडली गेली. आमच्या इथली मुलं अजून जोराचा पाऊस आला की गप्प बसतात. त्यांना चार मुलांत बसून हसायला जागा पाहिजे, ती शाळाच आहे, दुसरी कुठली नाही.

मिरजकर

बाई, ५७ टक्क्यांना होऊन गेला म्हणजे ४३ टक्के बाकी आहेत, असंही वाचता येतं ना ते? आणि मुलांना झेपेल हो, मला मान्य आहे. मला भीती मुलांची नाहीच, मुलांनी घरी आणण्याची आहे. आईचे दोन्ही डोस झालेत पण वहिनीचा दुसरा राहिलाय, कोविशील्डला ८४ दिवस थांबायचं. त्या दोन मुलांचा बाप गेलाय, आता त्यांच्या आईला काही झालं तर मी काय तोंड दाखवू? रात्री झोप लागत नाही या विचारानं.

गावभागातला बाप, सांगली

पट १७ वाल्या शाळेचं मी काही बोलणार नाही, उघडा खुशाल. पण इथं शहरात एका वर्गात ६० मुलं, खिडक्या एका बाजूला, आणि रिक्षात दहा जण कोंबलेले. एका बाकावर एक बसवायचं म्हणजे तीन वर्ग पाहिजेत आणि तीन शिक्षक, ते आणणार कुठून? त्यात जुलैच्या महापुराचं पाणी घरात शिरलेलं, अजून भिंतींची ओल गेली नाही, पोराला सर्दी-खोकला चालूच. वर्गात शिंकला तर सगळे त्याच्याकडं बघणार आणि मला फोन येणार. माझा चौथीतला आहे, ऑनलाइन शिकतोय, बरं चाललंय. मी दिवाळीपर्यंत तरी पाठवणार नाही.

माणदेशातली आई

दादा, तुमचं बरं चाललंय कारण तुमच्या पोराला फोन आहे, नेट आहे आणि त्याला आधीच वाचता येतंय. तो शाळा बंद झाली तवा दुसरीत होता. आमच्यानं शाळा बघितलीच नाय.

कराडहून

ह्या महिन्यात अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ वगैरे मंडळींचा सर्व्हे आला, १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतला. खेड्यातली नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं किती, तर ८ टक्के. अजिबात अभ्यास न करणारी ३७ टक्के. सांगलीकर, तुमचा मुलगा असल्या मोजक्या मुलांत आहे हो.

मी हायस्कूलला क्लार्क आहे. नववी-दहावीच्या पोरींचे दाखले न्यायला पालक येतात, कारण विचारलं की मान खाली घालतात. लग्न झालेलं असतं. काही पोरं गुऱ्हाळावर, काही पोल्ट्रीवर लागली, हातात पैसा आल्यावर ती परत येतील का सांगता येत नाही. मिरजकर म्हणाले वर्ष भरून निघतं, ह्यांचं नाही निघणार. कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली ती इथं कराडजवळ काले गावात, ४ ऑक्टोबर १९१९ ला. आता बरोबर त्याच तारखेला शाळा उघडतायत आणि आमच्या खेड्यांत एसटीची शाळेची फेरी अजून बंद आहे. पाचवीची पोरगी सहा किलोमीटर चालत येणार का? ती घरीच राहणार.

पाटण खोऱ्यातली बाई

एसटीचं अगदी खरं आहे. आमची मुक्कामी गाडी पहिल्या लॉकडाऊनला बंद झाली ती आजपर्यंत आली नाही.

माणदेशातली आई

वस्तीवरच्या आम्ही नऊ बाया मिळून ग्रामपंचायतीत आणि गटशिक्षण अधिकाऱ्यांकडं अर्ज देणार आहे. पहिली ते चौथी, एक दिवसाआड निम्मी पोरं, बाहेर झाडाखाली, गुरुजींचे दोन्ही डोस झालेले आहेत. अर्ज मीच लिहितेय. अजून काय घालावं सांगा.

मिरजकर

मी मुलीला इतक्यात पाठवणार नाही, माझं मत तेच आहे. पण अर्जात एक ओळ घाला ताई. ज्या घरात कुणी आजारी किंवा म्हातारं आहे त्यांनी मूल पाठवलं नाही तर त्याचं नाव पटावरून कमी करू नका आणि गुरुजींनी आठवड्यातून एकदा तरी त्याच्या घरी जावं.

माणदेशातली आई

घालते. तीच ओळ पहिली घालते.