मदत हवी आहे: जर्मन सासू-सासऱ्यांना घेऊन चेंगदूला लग्नाला जायचंय (आणि एक घड्याळ)

फ्रायबुर्गची_सून

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत फ्रायबुर्गला असते, नवरा इथलाच. धाकट्या दिराचं लग्न ठरलंय. मुलगी चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूची, लग्नही तिकडेच, ३ ऑक्टोबरला. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे. युरोपाबाहेर एकदाच पडलेत, आमच्या लग्नाला पुण्यात, आणि तेही दहा दिवस बाटलीतलं पाणी मोजून पीत. "तू एशियन आहेस, तुला तिथलं सगळं ठाऊक असेलच," असं म्हणून दोघांना माझ्या गळ्यात बांधलंय. अहो, मी कराडची! चीनशी माझा संबंध हाक्का नूडल्सपुरता. त्यातही गंमत अशी की त्या दोघांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि "सगळं ठाऊक असलेल्या" मला लागतो.

मुख्य अडचण आधी सांगते. सासूबाईंनी विहीणबाईंसाठी ब्लॅक फॉरेस्टचं कुकू घड्याळ घेतलंय. लाकडी, हाताने कोरलेलं, वर हरणाचं डोकं, खाली पाइनच्या फळांच्या आकाराची वजनं. पांढऱ्या कागदात बांधून, रिबीन लावून कपाटात तयार आहे. काल ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीला कौतुकाने फोटो दाखवला, तर तिने विचारलं, "देऊन झालंय का?" घड्याळ भेट देणं म्हणजे त्यांच्या भाषेत 'सोंग चोंग', आणि अगदी तसाच उच्चार 'मरणाऱ्याची शेवटची सेवा करणे' यालाही आहे म्हणे. लोक हे खरंच मनावर घेतात का? की आपल्या मांजर आडवं जाण्यासारखं, हसण्यावारी नेतात?

बाकीचे प्रश्न: आहेर किती आणि कसा करायचा? सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, दारूचा आग्रह झाला तर काय? सासूबाईंचा गुडघा बदललाय, उकिडवं बसता येत नाही. आणि मी शाकाहारी. अंडं खाते.

एक किस्सा सांगते म्हणजे परिस्थिती कळेल. व्हिडिओ कॉलवर मुलीची आई दर वेळी पहिल्यांदा विचारते, जेवलात का? सासरे दर वेळी खरंखुरं उत्तर देतात. ब्रेड, दोन प्रकारचं चीज, काकडी. मग मुलगी ते सगळं भाषांतर करत बसते. मी शेजारी बसून कपाळावर हात मारते.

सिचुआनी_डॉक्टर

माझं एमबीबीएस सिचुआनमध्येच झालं, त्यामुळे हा धागा माझाच. "च्र ल मा" म्हणजे आपलं "काय, झालं का जेवण?" एवढंच. "झालं, तुमचं?" असं म्हणायचं आणि सुटायचं. चीज आणि काकडी त्यात आणू नका. :)

घड्याळ देऊ नका. तरुण पोरं हसतील, पण लग्नात आजी-आजोबा असणार आणि तुम्ही ते पांढऱ्या कागदात बांधलंय. पांढरा रंग मयताचा. मनगटी घड्याळाला बहुतेक जण हरकत घेत नाहीत, भिंतीवरचं मात्र नको. छत्रीही नको, तिचा उच्चार 'विखुरणे'सारखा होतो. सासऱ्यांना कुणी हिरवी टोपी घालायला देऊ नका, बायको दुसऱ्याबरोबर असण्याची ती खूण आहे.

आता आहेर. इथे आपली सवय नडते. आपण ५०१, १००१ करतो, वरचा रुपया शुभ म्हणून. तिकडे उलटं. लग्न म्हणजे जोडी, म्हणून आकडा सम हवा. ६ आणि ८ उत्तम. ४ सम असला तरी अजिबात नको, 'मरण'च्या उच्चाराजवळचा आहे. कित्येक इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथा मजलाच नसतो. नोटा कोऱ्या, लाल पाकिटात, पाकिटावर नाव. दाराशी टेबल मांडून कुणीतरी नातेवाईक वही घेऊन बसलेला असतो, तो नाव आणि रक्कम लिहून घेतो. हो, आपल्या आहेराच्या वहीसारखीच वही! उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की ती उघडून बघतात. तेव्हा कराडच्या सुनेला हे समजावून सांगायची गरज नाही, समजवावं लागेल ते सासूबाईंना. पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं, आणि तुम्हाला मिळालेलं समोर उघडायचं नाही.

शांघायकर

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी जरा रुक्ष गोष्टी सांगतो, पण याच गोष्टींवर माणसं विमानतळावर अडकतात.

१ ते ७ ऑक्टोबर अख्ख्या देशाला सुट्टी असते. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी उघडतात आणि बघता बघता संपतात. तिकीट पासपोर्टवर निघतं, कागद वगैरे काही नाही. नाव पासपोर्टप्रमाणेच, मधल्या नावासकट टाका. परदेशी पासपोर्ट बऱ्याच स्वयंचलित दारांवर चालत नाही, कडेच्या माणसाकडे जायचं.

पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरूनच द्यावे लागतात. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. अलीपे हे पैसे द्यायचं ॲप घरूनच फोनवर टाकून त्यात दोघांचं कार्ड जोडून ठेवा. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर परदेशी कार्डाला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के. थोडी रोकड जवळ असू द्या. टीप द्यायची पद्धत नाही. दिलीत तर वेटर पैसे परत द्यायला मागे पळत येईल.

हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॅप आणि गूगल चालणार नाही. परदेशी सिमच्या रोमिंगवर चालतं, त्यामुळे निघण्याआधी प्रवासाचं ई-सिम घ्या. देशांतर्गत विमान असेल तर पॉवर बँकवर ३सी हा चिनी शिक्का हवा. जून २०२५ पासून हा नियम आहे, नसेल तर काढून घेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुलीच्या घरी मुक्काम असेल तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलात ते लोकच करतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते बरोबर येतील.

तिरफळ

गुडघ्याबद्दल: सार्वजनिक संडास बहुतेक भारतीय पद्धतीचे. मॉल, मोठी हॉटेलं आणि स्टेशनांवरच्या अपंगांसाठीच्या खोलीत कमोड मिळतो. कागद स्वतःच्या खिशात ठेवा, आत नसतो.

बाकी मी मालवणी, त्यामुळे चेंगदूच्या जेवणाने मला आजोळची आठवण आली. तिथली 'ह्वाज्याओ' म्हणजे आपल्या तिरफळाचीच सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत तिरफळ दाताखाली आलं की जीभ झिणझिणते ना, तेच, पण मूठभर! त्याला ते 'मा ला' म्हणतात: मा म्हणजे बधिर, ला म्हणजे तिखट. सासू-सासऱ्यांसाठी दोन कप्प्यांचं हॉटपॉट (टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायचं) मागवा, एकीकडे लाल रस्सा, एकीकडे साधा. शाकाहारासाठी "वो च्र सू" पाठ करा, पण नुसतं त्यावर विसंबू नका. भाजीवर खिम्याची चिमूट किंवा डुकराची चरबी असू शकते. वेनशू मठातलं उपाहारगृह पूर्ण शाकाहारी आहे, एक दिवस तिकडेच जा.

थंड पाणी मात्र विसरा. बसलं की गरम पाणी नाहीतर चहा. जर्मन माणसाचं सोड्याचं पाणी गेलं तर त्याचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय.

सिचुआनी_डॉक्टर

दारूचं राहिलं. बायज्यौ, म्हणजे तिकडची धान्याची दारू, बऱ्याचदा ५० टक्क्यांच्या वर असते, आणि टेबलाटेबलावर येऊन "गान्बेई" (ग्लास रिकामा करा) होतं. सासऱ्यांना एक वाक्य शिकवा: "यी छा दाइ ज्यौ", म्हणजे दारूऐवजी चहा. सभ्य पळवाट आहे, वयस्कर माणसाला सगळे माफ करतात. अजून एक. जर्मन लोक ग्लास भिडवताना डोळ्यांत बघतात, ते खुशाल करू द्या, पण वडीलधाऱ्यांशी भिडवताना आपल्या ग्लासाची कड खाली ठेवायची. समोरचे आजोबाही खाली नेतील, मग दोघेही टेबलापर्यंत वाकतील. तिथे थांबायचं.

ताट चाटूनपुसून साफ करू नका म्हणावं. यजमानाला वाटतं पोट भरलं नाही, की लगेच वाढलंच.

नात्यांची काळजी करू नका. जर्मनांकडे सगळ्यांना एकच ओंकल आणि एकच टांटे, पण तुम्हाला मामा, काका, आत्या, मावशी वेगळे लागतात ते तिथेही तसेच वेगळे आहेत. त्यात काका बापापेक्षा मोठा की धाकटा, यावर पुन्हा शब्द बदलतो. सिचुआनमध्ये मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला "न्यांग न्यांग" म्हणा, खूष होतात.

फ्रायबुर्गची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आहेराच्या वहीचं वाचून हसू आलं. आमच्या आईकडे अजून माझ्या मामेभावाच्या मुंजीतली वही जपून ठेवलीय.

आज सासूबाईंशी बोलले. घाबरत घाबरत. त्या पाच मिनिटं गप्प बसल्या, मग उठून घड्याळाचा कागद सोडला आणि ते स्वतःच्याच स्वयंपाकघरात टांगलं. मघापासून दोनदा ओरडलंय. मग म्हणाल्या, ठीक, मग झोलिंगनच्या सुऱ्यांचा संच देऊ. अस्सल जर्मन.

सुरी चालते का हो?

शांघायकर

नाही. नातं कापलं जातं.

फ्रायबुर्गची_सून

वाटलंच. इथला स्मोक्ड हॅम?

शांघायकर

मांस कस्टम्समध्ये चालत नाही. तुमच्याकडची चेरीची दारू असते ना, किर्शवासर, ती न्या. दोन बाटल्या, लाल कागदात. सामानात टाकायच्या, हातातल्या बॅगेत नाही.

तिरफळ

आणि 'अजून दोन असू देत' म्हणून चार नेऊ नका!