नर्मदा परिक्रमेसाठी तीन हजारांत हलकी सॅक कोणती घ्यावी?

कृष्णाकाठची (सांगली)
नमस्कार. येत्या कार्तिकी एकादशीनंतर मी आणि माझी नणंद ओंकारेश्वराहून पायी परिक्रमा उचलणार आहोत. माझे वय ५७ वर्षे, उंची पाच फूट आणि वजन ५२ किलो आहे. दीड वर्षापूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता. तो आता बराच मोकळा झाला असला तरी हात पाठीमागे नेताना अजून ओढ लागते. मुक्काम आश्रमांत आणि धर्मशाळांत करायचा असल्यामुळे तंबू किंवा स्टोव्ह नेणार नाही. सॅकसाठी तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. येथील दुकानांत मला ५० आणि ६० लिटरच्या सॅक दाखवतात, आणि त्यांतली एक तर रिकामीच दोन किलो भरली. किती लिटरची सॅक पुरेल, तिचे स्वतःचे वजन किती असावे आणि कंबरपट्टा खरोखर लागतो का, हे चाललेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

हिमयात्री_ठाणे
ताई, सॅकच्या बाबतीत काटकसर करू नका. माझ्याकडे अमेरिकी बनावटीची ५८ लिटरची सॅक आहे. पाठीला जाळी, मागे अॅल्युमिनियमची चौकट, वजन सव्वा किलोच्या आसपास. मी ती अठरा हजारांना घेतली आणि सात वर्षे हिमालयात वापरत आहे. आजवर एक टाका उसवलेला नाही. जाळीमुळे पाठ आणि सॅक यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि सदरा घामाने भिजत नाही. चार-पाच महिने रोज पाठीवर असणाऱ्या वस्तूला तीन हजार ही रक्कम फारच अपुरी आहे. एकदाच चांगली वस्तू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन_तट (नाशिक)
नर्मदे हर. आम्ही उभयतांनी परिक्रमा पायी पूर्ण केली आहे, म्हणून अनुभवाचेच लिहितो. सॅक शेवटी घ्या, सामान आधी जमवा. सगळे सामान चादरीवर मांडून प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि मग ते किती जागेत बसते ते पाहा. आधी मोठी सॅक घेतली की रिकामी जागा डोळ्यांत खुपते आणि माणूस ती भरत सुटतो. मी साडेअकरा किलो घेऊन निघालो आणि पहिल्या आठवड्यातच दोन पातेली, एक टॉर्च, एक जाड स्वेटर आणि पुस्तके आश्रमांत देऊन टाकली. शेवटी पाण्यासह साडेसात किलो राहिले आणि त्यातही काही कमी पडले नाही.

तुमच्या ५२ किलो वजनाला पाण्यासह सहा, फार तर साडेसहा किलो ओझे योग्य ठरेल. त्यासाठी ३५ ते ४० लिटर भरपूर होतात आणि रिकामी सॅक एक किलोच्या आत असावी. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हे विसरू नका. किनाऱ्याने गावे लागतात, तेथे पाणी सहज मिळते. मात्र शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलातल्या, चढांवर दोन लिटर जवळ ठेवावे लागते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. परिक्रमेत जवळ बाळगायच्या मैयाच्या, म्हणजे नर्मदेच्या, जलाची कुपी ठेवण्यासाठी सॅकला वरच्या झाकणात स्वतंत्र कप्पा असावा, कारण चपला आणि वापरलेले कपडे ठेवतो त्या कप्प्यात ती ठेवणे मनाला पटत नाही.

जुनी_वाट
माझे मत वेगळे आहे. परिक्रमावासीला सॅक लागतेच कशाला? दोन पांढरे कपडे, एक कांबळे, कमंडलू, दंड आणि खांद्याला झोळी, एवढ्यावर शेकडो वर्षे लोक मैयाला उजव्या हाताला ठेवून चालत आले. झाडीत सामान लुटले जाण्याच्या गोष्टी जुन्या लोकांकडून आपण ऐकतोच. ज्याच्याजवळ काही नव्हते त्याचे काही गेले नाही. मी स्वतः कापडाची झोळी आणि घोंगडी घेऊन चाललो. चेन तुटली, बक्कल तुटले अशी भानगडच नाही.

दोन_तट
आपल्या निष्ठेबद्दल पूर्ण आदर आहे. परंतु झोळीचा सगळा भार एकाच खांद्यावर येतो, आणि ताईंचा खांदा आधीच दुखावलेला आहे. शिवाय घोंगडी दवाने भिजली की तिचे वजन किती वाढते, हे आपणही अनुभवले असेल. पौषात उत्तर तटावर आम्हाला जी थंडी लागली, तिला किलोभराची स्लीपिंग बॅग पुरली.

जुनी_वाट
घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, आणि ती अंथरता येते, पांघरता येते, पावसात डोक्यावरही घेता येते. स्लीपिंग बॅग एकाच कामाची असते. या मुद्द्यावर मी ठाम आहे.

डोंबिवलीकर_पदभ्रमी
मीही हेच सांगणार होतो की ४० लिटरपेक्षा मोठी सॅक घेऊ नका आणि सामान आधी तोलून पाहा. याशिवाय माझा एक वाईट अनुभव सांगतो. मी ऑनलाइन अडीच हजारांची ५० लिटरची सॅक घेतली. अकराव्या दिवशी उतारावर कंबरपट्ट्याचे बक्कल तुटले आणि एका क्षणात सगळे वजन खांद्यांवर आले. तोल जाऊन मी गुडघ्यावर पडलो. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर मुदत संपल्याचे उत्तर आले. पुढचे नऊ दिवस पट्ट्याला गाठ मारून चाललो. गाठ रोज सैल होई आणि रोज कंबरेला नव्या जागी घासे. म्हणून सॅक कोणतीही घ्या, पण तिच्या मापाची दोन बक्कले, जाड सुई आणि नायलॉनचा दोरा जवळ ठेवा. त्यांचे वजन फारसे होत नाही.

रेनकव्हर मात्र जरूर घ्या, कारण मावठा कधी गाठील याचा नेम नसतो.

दोन_तट
रेनकव्हरवर विसंबू नका. नर्मदेच्या मुखाशी दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला जाताना चिखल तुडवत नावेत चढावे लागते आणि सामान नावेच्या तळाशी ठेवले जाते. आमच्या दोन्ही सॅकना कव्हर होते. पण कव्हर फक्त बाहेरची बाजू झाकते, पाठीकडची बाजू उघडीच राहते, आणि तळाशी साचलेले खारे पाणी तिथूनच आत शिरले. उत्तर तटावर पहिली रात्र ओल्या पांघरुणात काढली. त्यानंतर आम्ही सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घातली, सगळे सामान तिच्यात भरले आणि तोंडाला पीळ देऊन बांधले. पुन्हा काही भिजले नाही.

डोंबिवलीकर_पदभ्रमी
माझे कव्हर मुसळधार पावसातही गळले नाही, त्यामुळे मला हे पटत नाही. कव्हर चांगल्या प्रतीचे असावे लागते.

शिवणयंत्र (कोल्हापूर)
मी वीस वर्षे कॅनव्हास आणि रेक्झिनच्या पिशव्या शिवतो, म्हणून मापाबद्दल लिहितो. सर्वांनी लिटर सांगितले, पाठीची लांबी कोणीच सांगितली नाही. ताई, मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड ठळक हाताला लागते. दोन्ही हात कंबरेवर ठेवून, अंगठे पाठीमागे करून, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. त्या दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मानेच्या हाडापर्यंतचे अंतर टेपने कोणाकडून तरी मोजून घ्या. ती तुमची सॅकची लांबी. पाच फूट उंचीला ती साधारण १६ इंचांच्या आसपास येईल, आणि दुकानांतल्या बहुतेक मोठ्या सॅक त्याहून लांब पाठीच्या माणसासाठी केलेल्या असतात. अशी सॅक घातली की कंबरपट्टा हाडावर न बसता मांडीच्या वरच्या भागावर घसरतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर येतो.

कंबरपट्टा तुम्हाला लागणारच. तो पोटावर बांधायचा नसतो. त्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. आधी तो घट्ट करावा, मगच खांद्याचे पट्टे ओढावेत. नीट बसला तर ओझ्याचा मोठा भाग कंबर पेलते आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जाते. खरेदी करताना टाके पाहा. पट्टा जिथे कापडाला जोडला आहे, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. नुसती एक आडवी टीप मारली असेल तर ती सॅक परत ठेवा.

उजव्या हातासाठी एक सूचना. सॅक जमिनीवरून उचलून पाठीवर फेकू नका. ओट्यावर किंवा पारावर ठेवा, तिच्याकडे पाठ करा, आधी उजवा हात पट्ट्यात घाला आणि मग डावा. काढताना डावा आधी. पाण्याची बाटलीही डाव्या कप्प्यात ठेवा.

अटलांटा_मराठी
माझ्या घरापासून जवळच अॅपलेशियन ट्रेल या अमेरिकेतल्या लांब पायवाटेचे दक्षिण टोक आहे आणि त्या वाटेचे काही टप्पे मी चाललो आहे. तिकडे हलके चालणारे लोक अन्न, पाणी आणि इंधन वगळून सगळे सामान दहा पौंडांत, म्हणजे साडेचार किलोंत बसवतात. वजन इतके कमी झाले की चौकटीची सॅक लागत नाही. फोमची झोपायची मॅट घडी घालून सॅकच्या आत पाठीशी उभी ठेवतात. तीच चौकटीचे काम करते आणि रात्री अंथरूण होते.

एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ही तीन हजार किलोमीटरहून मोठी वाट एका हंगामात एकटीने पूर्ण केली. त्यांच्या खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी होती आणि पावसासाठी स्नानगृहाचा प्लॅस्टिकचा पडदा होता. तरीही मी तुम्हाला तयार हलकी सॅकच सुचवीन. मी माझी २३० डॉलरना घेतली आणि तिचे वजन ८०० ग्रॅम आहे.

जुनी_वाट
एका खांद्यावरची पिशवी घेऊन तीन हजार किलोमीटर! मी झोळीबद्दल हेच सांगत होतो.

हिमयात्री_ठाणे
ताई, खांदा दुखरा असताना प्रयोग करू नका. आठ-दहा हजार तरी घाला. नवीन सॅक दुकानात सात किलो वजन भरून पंधरा मिनिटे घालून फिरून पाहा आणि मगच पैसे द्या.

कृष्णाकाठची
सर्वांचे मनापासून आभार. सामान चादरीवर मांडून तोलले. पहिल्यांदा ९ किलो २०० ग्रॅम भरले. तीनपैकी एक साडी, स्टीलचा डबा, दुसरी चादर आणि औषधांची अर्धी खोकी काढल्यावर पाण्यासह ६ किलो १०० ग्रॅमवर आले. पाठीची लांबी नणंदेने मोजली, ती साडेपंधरा इंच निघाली.

मी नवीन सॅक घेतली नाही. मुलाची महाविद्यालयातली ३५ लिटरची सॅक माळ्यावर होती. ती रिकामी ७०० ग्रॅम आहे आणि तिची पाठ माझ्या मापाला बरोबर बसते. आतला पाणी अडवणारा लेप जुना होऊन चिकट झालेला नाही, हे बोट फिरवून पाहिले. येथील ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून तिला फोम भरलेला कंबरपट्टा लावून घेतला आणि दोन्ही बाजूंना चौकोनात फुली मारून घेतली. झाकणात कुपीसाठी उभा कप्पा शिवला. मजुरीसह ६४० रुपये झाले. पाठीशी मॅटची घडी घातली आहे आणि आत प्लॅस्टिकची पिशवी आहे. पौर्णिमेला हे सगळे सामान घेऊन सांगलीहून नरसोबाच्या वाडीला चालत गेले. पहिल्या दोन तासांत पट्टा दोनदा सैल झाला, म्हणून सांगलीला आल्यावर त्याच्या टोकाला दुहेरी घडी घालून घेतली. खांद्याला ओढ लागली नाही. उजव्या कमरेवर मात्र रुपयाएवढा लाल डाग उठला, तिथे आतून जुन्या सुती साडीची पट्टी लावते आहे.

डोंबिवलीकर_पदभ्रमी
घरी लावून घेतलेल्या पट्ट्यावर माझा विश्वास बसत नाही, हे स्पष्टपणे नोंदवतो. बक्कल कोणत्या मापाचे लावले आहे?

कृष्णाकाठची
३८ मिलिमीटरचे. त्याच मापाची दोन जादाची घेतली आहेत आणि सुई-दोऱ्यासह कुपीशेजारच्या कप्प्यात ठेवली आहेत.