‘लूट बॉक्स’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

आमच्या शाळेच्या पालकसभेसाठी मोबाइल गेमवर एक छोटं पत्रक लिहायला घेतलं आहे. आठवी-नववीची मुलं ‘क्रेट उघडला’, ‘पॅक फोडला’, ‘स्पिन मारला’ असं सर्रास बोलतात आणि पालकांना त्यातलं काहीच कळत नाही. पैसे भरून बंद पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावरच समजणार, असा हा प्रकार. मी तूर्त ‘बक्षीसपेटी’ लिहिलं आहे, पण मन घेत नाही. जुगाराशी असलेलं नातं शब्दातच दिसायला हवं. ‘लूटपेटी’ कसा वाटतो?

प्रतिसाद

‘बक्षीसपेटी’ नकोच. बक्षीस काहीतरी करून दाखवल्यावर मिळतं, नाहीतर कुणी खूश होऊन देतं. इथे मूल आधी पैसे मोजतं.

‘लूट’ची अडचण वेगळी आहे. हा शब्द अठराव्या शतकात आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. गेममध्ये मारलेल्या शत्रूकडे जे सापडतं ती ‘लूट’, त्यावरून पुढे लूट बॉक्स. मराठीत मात्र आपण सुरत लुटतो तसं संक्रांतीचं वाणही लुटतो, दसऱ्याला सोनं लुटतो, बोरन्हाणात मुलं बोरं-चुरमुरे लुटतात. त्यात लुटणाऱ्या पोराला पदरचं काही मोजावं लागत नाही. त्यामुळे ‘लूटपेटी’ वाचून पालकाला एकतर चोरी वाटेल, नाहीतर फुकटची चंगळ. डाव लावला जातोय हे काही कळणार नाही.

प्रतिसाद

मग सरळ ‘मटका’ म्हणा की. महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद

मटक्याने दाहकता येते, पण अर्थ जुळत नाही. मुंबईत १९६०च्या दशकात लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लावायचे. तो मार्ग बंद झाल्यावर मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द त्या भावांच्या काळापासूनचे. म्हणजे मटक्यात खेळणारा स्वतः आकडा निवडतो. लूट बॉक्समध्ये निवडायला काहीच नाही. ‘सोडत’ही बसत नाही, कारण सोडत एकदा निघते आणि सगळ्या अर्जदारांची मिळून निघते, म्हाडाची निघते तशी.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सोरट. जत्रेत किंवा शाळेजवळच्या टपरीवर पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर घड्या घालून चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या ओळी. वरच्या बाजूला मोठं बक्षीस सगळ्यांना दिसेल असं बांधलेलं: एखादं घड्याळ, प्लास्टिकची बंदूक. पैसे द्यायचे, चिठ्ठी ओढायची, उलगडायची. आतल्या नंबरावर बहुतेकांना खाऊची गोळी, शिट्टी, नाहीतर कंगवा. आजही पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत ‘सोरट नावाचा जुगार’ असं छापून येतं.

आता ‘काउंटर-स्ट्राइक’ या बंदुकांच्या गेममधली पेटी बघा. ती उघडायला २.४९ डॉलरची किल्ली विकत घ्यावी लागते. किल्ली लावली की बंदुकांच्या चित्रांची पट्टी पडद्यावर सरसर धावते, मंदावते आणि पुष्कळदा भारी वस्तूच्या अगदी शेजारी थांबते. ‘थोडक्यात हुकलं’ असं पोराला वाटतं. खरं तर पट्टी धावण्याआधीच काय द्यायचं ते ठरलेलं असतं. सगळ्यांना हवी असलेली सुरी शंभरात एकदाही निघत नाही.

फरक एवढाच की पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या संपायच्या. दुपारपर्यंत किती उरल्या आणि घड्याळ अजून लटकतंय का, हे पोराला डोळ्यांनी दिसायचं. इथला पुठ्ठा संपतच नाही. मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो.

प्रतिसाद

थोडा विरोध नोंदवतो. जुगारात पैसे बुडतात, इथे प्रत्येक पेटीत काहीतरी असतंच. २०१९ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईए या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने याला ‘आश्चर्याची योजना’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि खेळणं दडवलेल्या चॉकलेटच्या अंड्याचा दाखला दिला. नेदरलँड्समध्ये ‘फिफा’ या फुटबॉल गेममधल्या पॅकवरून याच कंपनीला झालेला १ कोटी युरोंचा दंड २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. पॅक उघडणं हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मग शब्दातच निकाल देऊन टाकणं बरोबर आहे का?

प्रतिसाद

गोळी तर सोरटवाल्याकडेही मिळायची. तेवढ्यावरून सोरट म्हणजे गोळ्यांचं दुकान होत नाही.

देशोदेशीचे निकाल वेगळे आहेत हे खरं. बेल्जियमच्या जुगारविषयक आयोगाने २०१८ मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. जपानमध्ये गेममधल्या अशा पेट्यांना ‘गाचा’ म्हणतात; हँडल फिरवलं की बंद गोळा पडतो त्या यंत्राच्या आवाजावरून तो शब्द आला. त्यातला पूर्ण संच जमवायला लावणारा प्रकार २०१२ मध्येच बेकायदा ठरला. आपल्याकडे २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने डावावर लावलेल्या ऐवजाच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, वस्तू धरल्या आहेत, मग त्यांना नाव काहीही असो. ही शेवटची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. झेंडल आणि केर्न्स या संशोधकांच्या २०१८च्या अभ्यासात लूट बॉक्सवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराच्या व्यसनाची तीव्रताही जास्त दिसली. कशामुळे काय होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण पालकाला सावध करायला तेवढं पुरेसं आहे. आणि जुगाराचा शिक्का नको म्हणून ‘बक्षीसपेटी’ लिहिलंत, तरी निकाल दिलाच जातो, फक्त विकणाऱ्याच्या बाजूने.

धागाकर्ती

पटलं. मात्र तिशीतल्या पालकांनी सोरट पाहिलेलं असेलच असं नाही, आणि मुलांच्या तोंडचा शब्दही त्यांच्या कानावर पडायला हवा. म्हणून असं लिहिते: ‘क्रेट, पॅक किंवा स्पिन म्हणजे गेममधलं सोरट. पैसे आधी जातात, काय मिळणार ते नंतर कळतं, आणि चिठ्ठ्या कधीच संपत नाहीत. पाल्याच्या फोनवरून डायमंड, यूसी, कॉइन अशा गेममधल्या चलनांची खरेदी झाली असेल, तर ती कशावर खर्च झाली हे त्याच्या शेजारी बसून विचारा.’ सोरटखाली पुठ्ठ्याचं एक चित्र काढून घेते.