शेवटच्या आठवड्यात पाणी आणि मीठ बंद करावे का?

प्रश्न:
नमस्कार. माझी पहिली शरीरसौष्ठव स्पर्धा ३ आठवड्यांवर आली आहे. १३ आठवड्यांत माझे वजन ८४ किलोवरून ७६ किलोवर आले. पोटाच्या रेषा स्पष्ट दिसतात, मात्र कमरेवर आणि मांड्यांच्या मागे अजून मऊपणा आहे. एका जुन्या स्पर्धकाने शेवटचे ५ दिवस मीठ आणि आदल्या दिवशी पाणी पूर्ण बंद करण्यास सांगितले आहे, म्हणजे कातडीखालचे पाणी जाऊन स्नायूंच्या रेषा उठून दिसतील. हे करावे का? ताकद घटते आहे, तर वजने हलकी करून रिपिटिशन (एका दमात वजन उचलण्याची संख्या) वाढवावीत का?

उत्तर १:
पाणी कृपया सोडू नका. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि स्नायूत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांचा शरीरातील साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे पाणी तोडले की ते नेमके कातडीखालूनच निघून जाईल असे होत नाही, ते स्नायूंतून आणि रक्तातूनही जाते. मी माझ्या दुसऱ्या स्पर्धेत हीच चूक केली होती. मंचामागे कितीही पंप मारला (स्नायू फुगवणारा हलका व्यायाम केला) तरी स्नायू फुगेनात, आणि पोझ देताना पोटरीत गोळा आला. मिठाचेही तेच आहे: आतड्यातून ग्लुकोज शोषले जाण्यासाठी मिठातले सोडियम लागते, म्हणून स्नायू भरलेले दिसावेत यासाठी स्पर्धेआधी कर्बोदके वाढवायची आणि त्याच वेळी मीठ तोडायचे हे परस्परविरोधी आहे. कमरेवरचा मऊपणा बहुधा चरबीचा आहे, आणि ती कमी करायला हे ३ आठवडेच हाताशी आहेत.

उत्तर २:
वरील मताशी पूर्ण सहमत. लघवी वाढवणारी गोळी कोणी सुचवली, तर तीही ठामपणे नाकारा. अशा गोळीने शरीरातील पोटॅशियमचे प्रमाण बिघडले की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हे नामवंत व्यावसायिक खेळाडू स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच दगावले.

उत्तर ३:
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ज्या जड वजनाने स्नायू कमावला, तेच त्याला टिकवते. म्हणून उचलायचे वजन शक्य तितके तसेच ठेवून सेट (रिपिटिशनच्या फेऱ्या) कमी करावेत, कारण कमी खाण्यामुळे थकवा भरून निघायला वेळ लागतो. चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. वजन उतरण्याचा आपला वेग, आठवड्याला सुमारे ०.६ किलो, योग्य आहे; घाईने तो वाढवू नये. पोझिंगचा सराव मात्र रोज करावा, कारण मांडीची मागची बाजू ताणून धरता आली नाही तर तिथली कमावलेली रेषाही परीक्षकांना दिसत नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पाणी आणि मीठ नेहमीप्रमाणेच ठेवतो. कर्बोदके वाढवण्याची रंगीत तालीम आधी करून पाहावी का?

उत्तर १:
अवश्य. याच आठवड्यात एक दिवस वाढवून पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्याच प्रकाशात छायाचित्रे काढा. पोट फुगले, तर स्पर्धेच्या वेळी प्रमाण कमी ठेवा.