कानांकडेही बघा
उतारवयात स्मरणशक्ती टिकवायला काय करावं, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी शब्दकोडी आणि सुडोकूवर भर दिलाय. ती जरूर सोडवावीत, पण कानांचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहितेय. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस गप्पांतून हळूहळू अंग काढून घेतो. चारचौघांत नुसती मान डोलावतो आणि घरच्यांना वाटतं, यांना आठवत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्याजोगे १४ धोके दिलेत. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांच्याबरोबर त्यात श्रवणदोषही आहे. तेव्हा श्रवणयंत्राची लाज कृपया बाळगू नका.

आणि विसरभोळेपणा वाढला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी असं होतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि वेळेत उपचार झाले तर स्मरणशक्ती सुधारूही शकते.